नागपूरचा सकाळचा रेडिओ: नुसता ऐकायला बरा की कामाचाही?

"आज शहराच्या काही भागांत पाणीपुरवठा बंद राहील, पाणी जपून वापरा." सकाळच्या शोमध्ये हे वाक्य आलं की समजावं, समोर आलेला कागद नीट वाचलेला नाही. हीच सूचना "कन्हान नदीच्या पाण्याचा शटडाऊन आहे, म्हणजे आसीनगर, सतरंजीपुरा, लकडगंज आणि नेहरूनगर झोन, दहाच्या आत भरून घ्या" अशी आली, तर माणूस चहाचा कप खाली ठेवून उठतो. शहराच्या प्रश्नांवर बोलणारा शो चांगला की वाईट, हे ठरवायला एवढी कसोटी पुरते: ऐकून घरात कोणी बादली भरायला उठलं का?

आधी डायल. नागपुरात आकाशवाणी दोन ठिकाणी लागते: मध्यम लहरींवर 585 किलोहर्ट्झ आणि विविध भारती एफएमवर 100.6. खासगी वाहिन्यांत 91.1, 93.5, 94.3 आणि 98.3 हे आकडे रिक्षावाल्यांनाही पाठ आहेत. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 पासूनचं, सिव्हिल लाइन्समधलं. दोन्हीकडच्या सकाळची चाल वेगळी. आकाशवाणीवर कार्यक्रमांचे तुकडे ठरलेले, निवेदन मोजकं, मराठी स्वच्छ. खासगी एफएमवर एकच निवेदक तीन-चार तास धरून बसतो. दोन गाण्यांच्या मधल्या दीड-दोन मिनिटांत त्याला शहर, विनोद, जाहिरात आणि श्रोत्याचा फोन असं सगळं बसवायचं असतं. भाषा बहुतेक हिंदी, अधूनमधून वऱ्हाडी फोडणी. मराठीचं प्रमाण याहून वाढायला हरकत नाही. महाल, नंदनवन, मानेवाड्याच्या घरांत सकाळी हिंदी बोललं जातं असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे.

खासगी शो शहराबद्दल असे पातळ का बोलतात, याला एक कायदेशीर कारण आहे आणि ते न कळता केलेली टीका फुकट जाते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. 2011 च्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा दिली आणि काही विषय बातमीच्या बाहेर काढले: वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि सण, खेळ, परीक्षा-निकाल-प्रवेश, नोकरीच्या संधी, आणि वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे यांबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना. ‘प्रशासनाने दिलेल्या’ यातच सगळं आलं. रस्त्याच्या कंत्राटात काय शिजलं हे निवेदक खणून काढून सांगू शकत नाही. पण प्रशासनाचा कागद हातात आल्यावर त्यातली महापालिकेच्या दहापैकी चार झोनची नावं वाचायला कोणताच कायदा आडवा येत नाही. तिथे फक्त आळस असतो.

पाण्याचंच घ्या, कारण या शहरात सकाळच्या रेडिओचं सगळ्यात मोठं काम तेच. नागपूरचं पाणी दोन अंगांनी येतं. पेंच धरणाचं पाणी गोरेवाडा आणि गोधनीला शुद्ध होऊन प्रामुख्याने पश्चिम, दक्षिण आणि मध्य भागाला जातं. कन्हानचं पूर्व आणि उत्तर भागाला. त्यामुळे शटडाऊन कुठला, एवढं पहिल्या वाक्यात आलं तरी निम्म्या शहराचा जीव भांड्यात पडतो. दुसरी गोष्ट जलकुंभाची. सूचनेत बहुधा टाक्यांची नावं असतात आणि लोकांना आपला झोन माहीत असला तरी आपली टाकी माहीत नसते. चांगला निवेदक टाकीच्या नावापुढे दोन-तीन वस्त्या जोडतो. वाईट निवेदक "अधिक माहितीसाठी आमचं पेज बघा" म्हणतो. पेजच बघायचं असतं तर रेडिओ कशाला लावला असता?

तिसरी गोष्ट जवळजवळ सगळेच गाळतात: पाणी परत कधी येणार. शटडाऊन रात्री दहाला संपला म्हणजे दहाला नळ सुरू झाला असं होत नाही. आधी मुख्य वाहिनी भरते, मग उंच टाकी, मग गल्लीतल्या नळ्या. वाहिनीच्या टोकाला आणि चढावर असलेल्या वस्त्यांचा नंबर शेवटी. बारा तासांच्या शटडाऊननंतर दुसऱ्या दिवशी सकाळीही धार बारीक असते ती यामुळे. पहिलं पाणी गढूळ येतं, कारण रिकाम्या नळीत बसलेला गाळ दाब परत आल्यावर हलतो. थोडा वेळ सोडून द्यावं आणि मगच पिण्याचं भरावं. आणि शटडाऊनच्या काळात टँकरही मिळत नाही, कारण टँकरसुद्धा त्याच पाण्यावर भरतात. म्हणून सूचना आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी साडेसातच्या आत एकदा यायला हवी. साडेनऊला आलेली सूचना कितीही गोड आवाजात दिली तरी उपयोगाची नाही.

वाहतुकीत मात्र खासगी शो उजवे ठरतात. हिवाळी अधिवेशनाचे दिवस हा त्यांचा खरा हंगाम. यशवंत स्टेडियमकडून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड, एलआयसी चौक अशा ठरलेल्या ठिकाणी अडवले जातात. मग बर्डीपासून (म्हणजे सीताबर्डीपासून) सदरपर्यंतची गाडी हलत नाही. इथे निवेदकाने तीन गोष्टी सांगाव्यात: मोर्चा कुठून निघणार, कुठे थांबणार, आणि तो थांबला की कुठला रस्ता बंद होणार. "झीरो माइलकडे जाणं टाळा" हे अर्धं उत्तर झालं. पूर्ण उत्तर म्हणजे "गाडी बाहेरच लावा, मेट्रोने सीताबर्डीला या, नारिंगी मार्गाने झीरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरा." दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीचं तसंच: राहाटे कॉलनी, काचीपुरा, बजाजनगर ही नावं घेऊन बोललं तरच ऐकणाऱ्याला वळता येतं. बाहेरगावाहून आलेल्या माणसासाठी पाण्याची, मुक्कामाची सोय कुठे आहे हे सांगण्यात आकाशवाणी पुढे असते, आणि ती माहिती वाहतुकीइतकीच गरजेची आहे.

मारबतीचा दिवस म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक 1880 च्या दशकापासून निघते, आणि जुन्या नागपुरात "इडा पिडा घेऊन जा गे मारबत"चा गजर असा असतो की माइक नुसता उघडा ठेवला तरी कार्यक्रम होतो. पुष्कळ शो इथे स्टुडिओत बसून ढोल-ताशाचा साठवलेला आवाज लावतात. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ जाऊन दहा मिनिटं ध्वनिमुद्रण करायला काय लागतं? वारा अडवायला माइकवर फोमची टोपी, ढोलाने आवाज फाटू नये म्हणून पातळी खाली, आणि बडग्या (चालू प्रश्नांवर टोमणा मारणारा पुतळा) बनवणाऱ्या पोरांना विचारायला एक प्रश्न: यंदा कोणाचा बडग्या? शहराच्या तक्रारींची अख्खी यादी मिळेल, तीही हसत-हसत.

उन्हाळ्यात "आज पारा 45" एवढ्यावर भागवणारे शो निम्मं सांगतात. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट 45 वा त्याहून जास्त, अशी उष्णतेच्या लाटेची हवामान खात्याची व्याख्या आहे. नागपूरकराला 44 नवीन नाही. रात्रीचा पारा किती उतरला हे त्याला हवं असतं, कारण गच्चीवर झोपायचं की कूलरखाली हे त्यावर ठरतं, आणि रात्र गरम गेली की दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं.

खरी परीक्षा आपत्तीत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, बर्डीपर्यंत शिरलं. पहाटे तीन-चारला बहुतेक खासगी वाहिन्यांवर माणूस नसतो. संगणक गाणी लावत असतो. हा दोष एकट्या नागपूरचा नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. पण पावसाळ्यात इशारा असलेल्या रात्री एक माणूस स्टुडिओत ठेवणं कोणालाही जड नाही. वीज गेली की वाय-फाय जातं, मोबाइलचे टॉवर बॅटरी संपली की गप्प होतात, आणि दोन सेलवरचा ट्रान्झिस्टर तेवढा चालू राहतो.

आता श्रोत्याच्या बाजूने. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हापासून पुढची काही वर्षं नगरसेवकाचं दार वाजवायची सोयच नव्हती. त्या काळात रेडिओला गाऱ्हाणं सांगायची सवय लागली ती टिकली. मात्र "आमच्याकडे रस्ते खराब आहेत" असा संदेश वीस जणांनी पाठवला तरी पुढे सरकत नाही. असं पाठवा: झोन, वस्ती, जवळची खूण (मंदिर, शाळा, डीपी), अडचण कधीपासून आहे, आणि महापालिकेकडे आधी नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक व तारीख. आवाजी संदेश वीस-तीस सेकंदांचा, पंखा-कूलर बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून. थेट फोनवर घेतलं तर घरातला रेडिओ आधी बंद करा. नाहीतर स्वतःचाच आवाज परत येऊन घुमतो, ॲपवर ऐकत असाल तर काही सेकंद उशिरा येऊन बोलणंच तुटतं. शोची लायकी यापुढे कळते. तक्रार वाजवून टाळ्या घेणारे पुष्कळ आहेत. आठवड्याने त्याच श्रोत्याला परत फोन लावून "झालं का?" विचारणारा शो धरून ठेवावा.

गाण्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तीच तक्रार आहे. खासगी वाहिन्यांची गाणी निवेदक निवडत नाही. संगणकावर आखलेल्या यादीतून ती येतात आणि गाजणारं गाणं दिवसातून पुन्हा-पुन्हा फिरतं. त्यामुळे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली दंडार, खडी गंमत, खंजिरीवरची भजनं, ताजबागची कव्वाली, भीमगीतं यांतलं काही सकाळच्या शोमध्ये कानावर पडलं तर तो अपवाद. यातलं जे मिळतं ते बहुतांशी आकाशवाणीवर, कारण तिथे स्थानिक कलावंतांची स्वरचाचणी घेऊन श्रेणी द्यायची जुनी पद्धत आहे. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. त्या नाटकांतलं एक गाणं रोज लावलं तरी एफएमच्या यादीला धक्का लागणार नाही.

ऐकायचं कशावर, हे शेवटी सांगतो, कारण निम्म्या लोकांचं घोडं इथेच पेंड खातं. फोनवर एफएम लागत असेल तर वायरचा इअरफोन हवाच. ती वायरच अँटेना असते आणि 100 मेगाहर्ट्झच्या आसपास पाऊण मीटर लांबी नेमकी बसते. ब्लूटूथवर ऐकायचं असलं तरी वायर खुपसलेली ठेवावी लागते. खरखर येत असेल तर स्टिरिओ बंद करून मोनो करा, निम्मी तिथेच जाते. आकाशवाणीच्या ॲपवर नागपूर केंद्र ऐकता येतं; 64 किलोबिटचा प्रवाह धरला तर तासाला सुमारे 29 एमबी डेटा जातो, आणि वेळेचा ठोका अर्थातच उशिरा पडतो, घड्याळ त्यावर लावू नका.

585 साठी मात्र खरा संच लागतो. बर्डीवर मिळणारे पुष्कळ स्वस्त यूएसबी-ब्लूटूथ संच फक्त एफएमचे असतात. खोक्यावर ‘एमडब्ल्यू’ किंवा ‘एएम’ लिहिलेलं पाहून घ्या. डिजिटल संच असेल तर मध्यम लहरींची पायरी 9 किलोहर्ट्झ आहे का ते तपासा. अमेरिकी 10 च्या पायरीवर तो 580 वरून थेट 590 वर उडी मारतो आणि केंद्र दबकं, फाटकं ऐकू येतं. बहुतेक संचांत ही पायरी बदलायची सोय असते. दुकानात एलईडी दिव्यांखाली लावून पाहू नका, रस्त्यावर या. घरी गुणगुण आली तर मोबाइलचा चार्जर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असं एकेक बंद करत जा. गुन्हेगार सहसा चार्जर निघतो. मध्यम लहरींची अँटेना संचाच्या पोटात आडवी कांडी असते, त्यामुळे बाहेरची दांडी ओढून काही होत नाही. संचच टेबलावर हळूहळू फिरवा. कांडीचं टोक केंद्राकडे आलं की आवाज पडतो, तिथून काटकोनात वळवला की भरतो. लोखंडी कपाट आणि कूलरची पत्र्याची बॉडी यांच्यापासून लांब, खिडकीशी ठेवा. आणि पावसाळा लागण्याआधी सेल बदला. महिनोन्महिने न वापरलेले सेल पाझरून पट्ट्या खातात, मग ऐन वेळी नवे टाकूनही संच बोलत नाही.