डाउनलोड वाढले, ग्राहक आलाच नाही

रत्नागिरी परिसरातील बागायतदारांना वाशीच्या दलालाविना पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला थेट हापूसची पेटी विकता यावी, यासाठी आम्ही एक ॲप तयार केले. हंगाम जेमतेम मार्च ते मे असा असल्याने त्याआधीच ते लोकांच्या नजरेस पडणे आवश्यक होते, आणि नेमकी हीच घाई हेरून एका प्रचार एजन्सीने आम्हाला गाठले. ‘हापूस’ असे शोधताच प्ले स्टोअरवर आमचेच ॲप सर्वांत वर दिसेल, अशी हमी देऊन तिने निम्मी रक्कम आगाऊ घेतली. तीही एका व्यक्तीच्या यूपीआयवर, जीएसटीच्या बिलाशिवाय.

डाउनलोडचा आकडा भराभर चढला. मात्र ओटीपीने पडताळलेल्या मोबाईल क्रमांकांच्या आमच्या यादीत कोणतीही भर पडेना. प्ले कन्सोलमधील, म्हणजे ॲपच्या मालकाला गूगल देत असलेल्या पानावरील, आकडेवारी देशवार उघडली, तेव्हा उलगडा झाला: बहुतेक डाउनलोड जिथे आमची पेटी जातच नाही अशा देशांतून, जुन्या ठरावीक मॉडेलांच्या फोनवर झाले होते, आणि बहुतेकांनी ॲप लगेच काढूनही टाकले होते. पाच ताऱ्यांच्या एका अभिप्रायात तर खेळाच्या पुढच्या पातळ्या फार मजेदार असल्याचे लिहिले होते. (रायवळ, पायरी आणि हापूस अशा त्या पातळ्या असाव्यात.)

खरी मेख पुढेच होती. डाउनलोड, रेटिंग आणि अभिप्राय कृत्रिमरीत्या वाढवण्यास गूगलच्या धोरणात मनाई आहे, आणि प्रचार कोणाकडूनही करून घेतला तरी जबाबदारी ॲपच्या मालकाचीच राहते. एजन्सीला हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच उरलेली रक्कम आम्ही नाकारताच, ‘गूगलला कळवलेत तर ॲप तुमचेच उडेल’, असा निरोप आला आणि पाठोपाठ एका ताऱ्याच्या अभिप्रायांची रांग लागली.

अशी हमी देणाऱ्याकडे, मोबदला डाउनलोडवर नव्हे तर ओटीपीने पडताळलेल्या नोंदणीवर मिळेल, असा लेखी करार मागावा. खोटे आकडे पुरवणारा तिथेच मागे सरकतो. पैसे गेलेच असतील, तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि व्यवहाराचा तपशील व धमकीचे संदेश पुसू नयेत. आम्ही तक्रार केली आहे. खोट्या अभिप्रायांपैकी काही प्ले स्टोअरने हटवले, काही अजून तसेच आहेत, आणि आगाऊ रक्कम परत मिळालेली नाही.