सेवा क्लबांची मदतनिधी सायकल सफर: थांबे उत्तम, सांधे मात्र तपासून घ्या

रोटरी किंवा लायन्ससारख्या क्लबांच्या आधारावर निघणारी चार-पाच दिवसांची सायकल सफर जोखायची तर सुरुवात पैशांपासूनच करावी लागते. व्यावसायिक सफरीत मुक्काम, जेवण, गाडी सगळं विकत घेतलेलं असतं. इथे वाटेतल्या प्रत्येक गावचा क्लब हॉल मिळवून देतो, सदस्य रांधतात, कुणीतरी आपला टेम्पो देतं. त्यामुळे प्रवेश शुल्क खर्चापुरतं ठेवता येतं आणि स्वारांनी जमवलेली देणगी अख्खी कामाला लागते. रोटरी 1985 पासून पोलिओ निर्मूलनाच्या मागे आहे, लायन्स 1925 पासून दृष्टिहीनांसाठी काम करतंय. अशा चालू कामाला पैसे जाणार असतील तर तसं, गावातल्या एखाद्या उपक्रमाला जाणार असतील तर तसं, पण ते आधी स्पष्ट सांगितलेलं हवं. शुल्क आणि देणगी एकाच रकमेत मागितली जात असेल तर नाव नोंदवण्याआधी फोड मागा. किमान देणगीची अट असेल तर कमी पडलेली रक्कम कुणाच्या खिशातून जाणार, हे लेखी घ्या.

थांबे ही या सफरींची खरी जमेची बाजू. दर 20-25 किलोमीटरला पाणी, फळं, काहीतरी खारट आणि बसायला सावली इतकं मिळालं की 100 किलोमीटरचा दिवस सराव असलेल्या कुणालाही जमतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. नुसतंच साधं पाणी पोटभर पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि डोकं दुखून मळमळायला लागतं, म्हणून खारट पदार्थ हवाच.

बिघडतं ते थांब्यावरच्या सोयीत नव्हे, एका क्लबाकडून दुसऱ्याकडे काम जाताना, म्हणजे सांध्यांवर. साधा हिशोब बघा. पुढचा गट ताशी 25 ने जातो, मागचा 15 ने. 75 किलोमीटरवरच्या थांब्यावर पहिले तीन तासांत पोहोचतात, शेवटचे पाच तासांत. म्हणजे तो थांबा किमान दोन तास उघडा हवा. पण मोठा घोळका येऊन गेला की स्वयंसेवकांना वाटतं, झालं आपलं काम. मग सगळ्यात दमलेल्या माणसाच्या वाट्याला रिकामं टेबल येतं, आणि ते पाहून फार वाईट वाटतं. उपाय एकच: सगळ्यांच्या मागे एक ठरलेला स्वार असावा आणि तो पोहोचल्याशिवाय थांबा आवरू नये. आयोजकांना हे विचारून घ्या. आणखी एक खाचखळगा कॅलेंडरचा. या दोन्ही संस्थांचं वर्ष 1 जुलैला बदलतं. मार्चमध्ये हॉलचा शब्द दिलेला अध्यक्ष ऑगस्टमध्ये पदावर नसतो. सफर जुलैनंतर असेल तर नव्या पदाधिकाऱ्यांकडून पुन्हा होकार घेतलेला असावा.

दुरुस्तीची गाडी सोबत आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, तीत काय आहे ते बघा. ट्यूब आणि पंप बहुतेक ठिकाणी असतात. नसतं ते कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, काढायचं लॉकरिंग टूल आणि तो काढताना धरून ठेवणारं चेन व्हिप. जड सामान लादलेल्या सायकलीच्या मागच्या चाकाच्या तारा गिअरच्या बाजूला तुटतात, कारण कॅसेटला जागा द्यावी लागत असल्याने त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात. कॅसेट न काढता तिथे नवी तार घालता येत नाही. टूल नसेल तर तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळायची, दोन्हीकडच्या शेजारच्या तारा पाव-पाव फेरा सैल करून चाकाची आऊट (डगमग) जमेल तेवढी काढायची, रिम ब्रेक असेल तर तो ढिला करायचा आणि मुक्कामापर्यंत सावकाश जायचं. स्वतःच्या मापाच्या दोन तारा सीट पोस्टला टेपने चिकटवून ठेवल्या तर वजन काहीच नाही. सफरीला निघण्याआधीच चेन मापून घ्या. अकरा गिअरच्या चेनची झीज (लांबीतली वाढ) 0.5 टक्क्यावर गेली असेल तर ती बदलून निघा, नाहीतर चढावर चेन दातांवरून घसरते.

मुक्कामाला हॉलमधली फरशी मिळते, चटई आपली. 40 माणसं, दोन स्नानगृहं आणि प्रत्येकी आठ मिनिटं धरली तर शेवटच्याची पाळी अडीच तासांनी येते. उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी वेळ राखून ठेवणारा क्लब भेटला तर त्याला मनापासून धन्यवाद द्या.

शेवटच्या दिवशी सायकली टेम्पोत चढवल्या जातात, आणि सफरीतलं सर्वाधिक नुकसान इथेच होतं. घाईत एकीवर एक रचल्या की डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) फ्रेमला जोडणारा हँगर वाकतो. तो मऊ ॲल्युमिनियमचा असतो आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा, त्यामुळे दुरुस्तीच्या गाडीत सुटा सापडत नाही. सायकल गिअरची बाजू वर करून ठेवायची, दोन सायकलींमध्ये जुनी चादर घालायची, एकीचं पेडल दुसरीच्या तारांत जाऊ द्यायचं नाही. उतरवून घेतल्यावर मागचं चाक उचलून पेडल हाताने फिरवा आणि कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर हळूच गिअर टाका. डिरेलर तारांना टेकतोय असं दिसलं तर तो गिअर वापरू नका. चढावर जोर देताना तो तारांत अडकला की हँगर, डिरेलर आणि चाक तिन्ही एकदम जातात.