तुर्की वेश शिवायचाय? व्हॅन लू बघा, पण कापड लिओतारचं घ्या

अठराव्या शतकातल्या पॅरिसवरचं नाटक बसवताय आणि कपडेपटाला दाखवायला तुर्की वेशाची चित्रं हवी आहेत, असं धरून चालतो. शोधायला बसलात की दोन चित्रकारांची नावं हमखास येणार: कार्ल व्हॅन लू आणि ज्याँ-एतियेन लिओतार.

व्हॅन लू इस्तंबूलला कधी गेलाच नाही. सुलतान प्रेयसीला गाणं ऐकवतोय, असं त्याचं 1737 सालचं चित्र लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात आहे. फेटे-गालिचे सगळं जागच्या जागी. पण गाण्याचा कागद नीट बघा: ती हँडेल या युरोपीय संगीतकाराच्या ऑपेरातली चीज आहे! गाणारी बाई म्हणजे चित्रकाराचीच बायको, गायिका क्रिस्तीन सोमिस. जनानखाना कसला, घरची मैफल ती. पुढे त्याने फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या प्रेयसीला, मादाम द पाँपादूरलाही, सुलताना करून बसवलं, दासीच्या हातून कॉफी घेताना. पॅरिसवाल्यांना तुर्कस्तान कसं असावंसं वाटत होतं, ते इथे पुरेपूर दिसतं. शिवणाची ओळ मात्र शोधू नका.

लिओतार जिनिव्हाचा, शिकला पॅरिसमध्ये. 1738 ते 1742 इस्तंबूलला राहिला आणि पुढे तुर्की झगा नि लांब दाढी मिरवत युरोपभर हिंडला. (जाहिरात कशी करावी हे त्याला पक्कं कळत होतं.) त्याचं हमामातल्या (तुर्की स्नानगृहातल्या) बाईचं पेस्टल, म्हणजे रंगखडूंचं चित्र, बघा: हातात लांबलचक चिलीम, बोटांची टोकं मेंदीने रंगलेली, पायात ओल्या फरशीसाठीच्या उंच लाकडी खडावा. या खडावा पायात असल्या की नटी आपोआप हळू चालेल, दिग्दर्शकाने सांगायला नको.

एक मेख आहे. त्याची 'तुर्की' माणसं बरेचदा युरोपीयच असतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या जोडचित्रात एक इंग्रज व्यापारी आहे, शेजारी एका माजी फ्रेंच कॉन्सुलची मुलगी. चेहऱ्यांवर जाऊ नका, कपडे मात्र खरे.

मी असतो तर प्रकाशयोजनाकाराला व्हॅन लू दिला असता आणि कपडेपटाला लिओतार. तेवढ्याने भागलं नाही तर ज्याँ-बातिस्त व्हानमूर हा तिसरा चित्रकार आहेच. फ्रेंच राजदूत फेरिओलबरोबर तो 1699 मध्ये इस्तंबूलला गेला आणि तिथेच राहिला. त्याच्या चित्रांवरून केलेली शंभर छापचित्रं 1714 मध्ये पॅरिसला निघाली. चित्र म्हणून ती जरा कोरडीच, पण बहुतेक पानांवर एकच माणूस, डोक्यापासून पायापर्यंत सरळ उभा. शिंप्याला तेवढंच लागतं.