मेंढरांच्या राखणीला क्रॉस पिल्लं काढायचीत, तर नर कारवानी लावायचा की जर्मन शेफर्ड? आणि मादी कुठली?

भादवा लागला की गावठी कुत्र्या माजावर येतात आणि मला फोन सुरू होतात, दादा कारवानी (आपला सडपातळ, उंच देशी शिकारी कुत्रा) लावू का जर्मन शेफर्ड लावू. सगळे नराचंच विचारतात. मी उलटा प्रश्न करतो, मादी कशी आहे ते सांग. कारण रक्त दोघांचं निम्मं निम्मं असलं तरी पहिले आठ आठवडे पिल्लं आईच्याच अंगाखाली असतात, आणि नराचे पैसे मोजताना जेवढं बघतो त्याच्या चौथाईसुद्धा आपण मादीकडं बघत नाही.

म्हणून आधी मादीचं. आमच्याकडं माणदेशात दोन प्रकार समोर येतात, एक कळपाबरोबर फिरणारी धनगरी कुत्री आणि दुसरी विकत आणलेली कारवानी मादी. माझ्याकडं धनगरी होती, काळी, छातीवर पांढरा टिळा. चालताना एखादं लंगडं कोकरू मागं पडलं की ती पण मागं थांबायची, कोकरू उठेपर्यंत तिथंच बसून राहायची, हाक मारली तरी यायची नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची पिल्लं वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, आतच वाढली, डोळे उघडल्यापासून मेंढरांचा वास, कोकरांच्या लाथा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला आपलं वाटतं, त्या काळात मेंढरं दिसली नाहीत तर पुढं जाऊन ती शिकार वाटायला लागतात. कारवानी मादी दिसायला देखणी, पायाला चपळ, पण बहुतेक घरात नाहीतर साखळीवर वाढलेली असते, तिची पिल्लं पळतं कोकरू दिसलं की मागं धावतात. रानवस्तीला, रानडुकरं हाकलायला ती मादी चालेल, कळपाला मी लावणार नाही.

आता नर. कारवानी नराचं चांगलं म्हणजे उन्हात टिकतो, केस आखूड, भाकरी-ताकावर निभावतो, दिवसभर चालला तरी पाय धरत नाहीत. धनगरी मादीला लावला तर पिल्लं उंच आणि वेगवान होतात, कोल्हा-लांडगा आला तर गाठू शकतात. उणीव अशी की हा कुत्रा नजरेवर शिकार करणारा आहे, ससा उठला की कळप सोडून दोन शेतं लांब जातो, आणि तेवढ्यात इकडं दुसऱ्या बाजूनं लांडगा शिरतो. सशामागं सोडायला म्हणून पिल्लं काढणार असाल तर काढूच नका, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, शिकार हा गुन्हा आहे. अजून एक, कारवानी म्हणून दाखवलेला नर कधीकधी ग्रेहाउंडचा क्रॉस असतो, त्याची कातडी लई नाजूक, बाभळीच्या काट्यानं फाटते, तेव्हा नराचे आईबाप बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

जर्मन शेफर्डचं मी स्वतः भोगलंय म्हणून जरा जास्त लिहितो. शहरातल्या एका माणसाचा नर आणून लावला, दिसायला सिंहासारखा, पण पाठ मागं उतरती. सहा पिल्लं झाली, मी दोन ठेवली. हुशार इतकी की चार महिन्यांत हाकेला उभी राहायची, अनोळखी माणूस आला की बांधावरूनच अडवायची. पण नवव्या महिन्यात त्यातल्या एकाचा मागचा भाग चालताना डुलायला लागला, एक्स-रे काढला तर खुब्याचा सांधा नीट बसलेलाच नाही. हा दोष आईबापाकडून येतो आणि नुसतं बघून कळत नाही, नर दोन वर्षांचा झाल्यावर खुब्याचा एक्स-रे काढलेला असेल तरच कळतं. तो एक्स-रे मी मागितला नव्हता. दुसरं पिल्लू धडधाकट होतं, पण अंगावर दाट दुहेरी केस, मे महिन्यात अकरा वाजले की सावली सोडायचं नाही, आणि गोचीड तापानं दोनदा मरता मरता वाचलं. जर्मन शेफर्डला गोचीड ताप जास्त जोरात होतो, क्रॉसमध्ये पण ते थोडंफार उतरतं. तेव्हा वस्ती एका जागी आहे, सावली-पाणी आहे, माणसांपासून राखण हवीय, तर हा क्रॉस चांगला. बिऱ्हाड घेऊन कोकणात उतरायचं असेल तर नको.

तिसरा पर्याय कुणी विचारत नाही तो म्हणजे लांबच्या तालुक्यातला कामाचा धनगरी नर. क्रॉस म्हणजे परदेशी रक्तच हवं असं काही नाही. आपल्या वाड्यातली कुत्री पिढ्यान्‌पिढ्या एकाच नराची असतील तर लांबचं धनगरी रक्त सुद्धा नवंच, आणि काम तर दोन्हीकडून येतं. कळपासाठी मला विचाराल तर माझा कौल यालाच.

कुठलाही नर घ्या, लावायच्या आधी त्याचं इंद्रिय आणि मादीची योनी डॉक्टरांना दाखवा. रक्त ठिबकतंय, आत फुलकोबीसारखी गाठ दिसतेय तर ती लागण आहे, जोडी लागली की एकाची दुसऱ्याला होते, इंजेक्शनचा कोर्स देऊन बरी होते पण तोवर थांबा. ब्रुसेला नावाच्या जंतूची रक्ततपासणी पण करा, त्यानं पिल्लं पडतात आणि तो माणसाला पण होऊ शकतो. मादी दीड वर्षाच्या आत लावू नका, पहिल्या माजाला तर नाहीच.

माजाचं रक्त दिसल्यापासून साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसात मादी शेपटी बाजूला घेऊन उभी राहते, तेव्हा लावा, एक दिवसाआड दोनदा. आणि आधी-नंतर मिळून तीन आठवडे तिला बंद ठेवा, कारण एकाच वेतात दोन-तीन नरांची पिल्लं होऊ शकतात, बरेच जण नराला पैसे देतात आणि रात्री कुत्री सुटते, मग निम्मी पिल्लं गल्लीतल्या कुत्र्याची निघतात आणि दोष नराला. त्रेसष्ट दिवसांच्या आसपास व्यायते.

क्रॉस पिल्लं चांगली निघाली म्हणून भाऊ-बहीण एकमेकांना लावू नका, दुसऱ्या पिढीत एक कारवानीसारखं, एक गावठीसारखं असं सगळं विखुरतं आणि लपलेले दोष वर येतात. त्यापेक्षा तीच आई, तोच बाप, परत एकदा, पण एक वर्ष सोडून.

नरवाल्याला पैशाऐवजी एक पिल्लू द्यायची आपल्याकडं पद्धत आहे, ते पिल्लू कधी न्यायचं हे जोडी लावायच्या आधीच ठरवून घ्या. माझ्याकडचं महिन्याचं असतानाच उचलून नेलं होतं, सगळ्यात मोठं होतं ते, आणि आता कोकरं बघितली की भुंकतं म्हणून त्या माणसानं त्याला साखळीला बांधलंय. आठ आठवडे पुरे व्हायच्या आत कुणालाच देऊ नका, नरवाला कितीही घाई करू दे.