जेसी-१ किट: केमोला दाद न देणाऱ्या पेशींवर वापरायच्या आधी वाचा

पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं मेम्ब्रेन पोटेन्शियल, म्हणजे आवरणावरचा विजेचा चार्ज, बघायला लॅबमध्ये हे किट मागवलं. कंपनी कुठली ते सोडा, डाय (जेसी-१ हा चमकणारा रंग) सगळीकडे तोच असतो, फरक काय तो बफर आणि मॅन्युअलचा. मायटोकॉन्ड्रियाचा चार्ज शाबूत असेल तर डाय आत साचून लाल चमकतो, ५९० नॅनोमीटरच्या आसपास, चार्ज गेला की ५२९ ला नुसता हिरवा. केमोची बरीचशी औषधं शेवटी पेशीला याच रस्त्याने मारतात, बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतात, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं, पेशीला आतून कापणारी कॅस्पेस एन्झाइम्स सुरू होतात, संपला खेळ. चिवट पेशी बीसीएल-२ नाहीतर एमसीएल-१ ही त्यांना अडवणारी प्रथिनं वाढवून ठेवतात आणि भोकंच पडू देत नाहीत, म्हणून औषध देऊनही लाल तसाच राहिला तर घोडं कुठे अडलंय त्याचा अंदाज येतो.

साध्या पेशींवर किट झकास चालतं. चार्ज मुद्दाम घालवणारं सीसीसीपी टाकलं की लाल झपकन उतरतो, फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणारं यंत्र) लाल आणि हिरव्या पेशींचे दोन ढीग स्वच्छ वेगळे.

गोची होते ती नेमकी रेझिस्टंट सेल लाइनवर (औषधाला न जुमानणाऱ्या, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी), म्हणजे ज्यासाठी किट घेतलं तिथेच! या पेशींत बऱ्याचदा पी-ग्लायकोप्रोटीनचा पंप जोरात असतो, तो औषधासारखाच जेसी-१ पण बाहेर फेकतो, मग आत डाय कमी, लाल कमी, आणि आपल्याला वाटतं मायटोकॉन्ड्रिया झोपला, तो बिचारा ठणठणीत असतो. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ नाही, एवढ्या महागड्या किटला हे शोभत नाही. पंप अडवणारं व्हेरापॅमिल घालून आणि न घालता असे दोन्ही सेट लावा. सायक्लोस्पोरिन ए नको, पंप अडवतं खरं पण मायटोकॉन्ड्रियातल्या सायक्लोफिलिन डी या प्रथिनाला पण चिकटतं आणि मायटोकॉन्ड्रियाचा पोअर (उघडला की चार्ज घालवणारं छिद्र) बंद करतं, म्हणजे जे मोजायचं त्यातच ढवळाढवळ.

डॉक्सोरुबिसिन वापरत असाल तर दुसरा डाय बघा, ते स्वतःच लाल-केशरी चमकतं आणि जेसी-१ च्या लालमध्ये मिसळतं. सिस्प्लॅटिनला ही कटकट नाही.

बाकी डाय पाण्यात नीट विरघळत नाही, बफर आधी ३७ डिग्रीला गरम करा आणि डीएमएसओ या द्रावकातला स्टॉक हळूहळू सोडा, नाहीतर लाल खडे दिसतात आणि सॉफ्टवेअर त्यांनाच पेशी समजतं. पेशी फिक्स करून (रसायनाने जशाच्या तशा थिजवून) उद्या बघू असा विचार असेल तर हे घेऊच नका, सिग्नल टिकत नाही.

मॅन्युअलपायी दोन स्टार कापले.