गरव्या बटाट्याच्या नावाखाली हळवं बेणं: फसवणूक कशी होते, कुठे पकडता येते

बेणं, म्हणजे लागवडीचे बटाटे, गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) वाणाचं म्हणून घेतलेलं. पोत्यावर वाणाचं नाव छापलेलं, बिलावरही तेच. विकणाऱ्याचं सांगणं असं की पीक 120 ते 130 दिवसांचं आहे, घाई करू नका. उगवण बरी झाली, भर लावेपर्यंत, म्हणजे झाडांच्या बुडाशी माती चढवेपर्यंत, शेत एकसारखं दिसत होतं. अडीच महिने होत आले तशी खालची पानं पिवळी पडू लागली आणि बघता बघता पाला लोळला. पाण्याचा ताण नव्हता, करपाही नव्हता. माल हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) वाणाचा होता आणि काही पोत्यांत चक्क खाण्याच्या बटाट्याची भेसळ होती. विकणाऱ्याचं उत्तर एकच: यंदा हवाच तशी आहे.

ही फसवणूक उगवणीत दिसत नाही. ती कळते तेव्हा निम्म्याहून जास्त हंगाम गेलेला असतो. शिवाय नुकसान फक्त वाण बदलल्याचं नसतं. गरव्या वाणासाठी केलेली सगळी आखणी हळव्या पिकाच्या मुळावर येते.

आधी अंतर बघा. गरव्याचं झाड मोठं, पाला दाट, म्हणून ते मोकळं लावतात. 75 × 30 सेंमीवर हेक्टरी साधारण 44,000 झाडं बसतात. 60 × 20 वर हाच आकडा 83,000 होतो. हळव्या वाणाचं लहान झाड 75 × 30 वर लावलं की ओळींमधली जागा पाल्याने झाकलीच जात नाही. तण माजतं, वरंबा तापतो. मातीचं तापमान 15 ते 20 अंश असताना कंद चांगले पोसतात, ते 30 च्या आसपास गेलं की कंद धरणं जवळजवळ थांबतं. खताचं गणित तर उलटंच असतं. गरव्याला सुरुवातीला नत्र जास्त झालं तर पालाच वाढत राहतो आणि कंद धरणं लांबतं, म्हणून नत्र हप्त्याहप्त्याने देतात. हळव्याला ते लागवडीला आणि भर लावतानाच मिळायला हवं. उशिराचा हप्ता त्याच्या उपयोगाचा नाही, कारण तोवर झाड म्हातारं झालेलं असतं.

सगळ्यात महागात पडतं ते शेवटचं पाणी. पाला मेला तरी ‘गरवा आहे, अजून पोसेल’ या भरवशावर पाणी चालू राहतं. मेलेल्या पाल्याखालचे कंद पोसत नाहीत, भिजत राहतात. सालीवरची श्वसनछिद्रं उघडून लाह्यांसारखे पांढरे फुगीर ठिपके दिसू लागतात, आणि मऊ कुजीचे जिवाणू तिथूनच आत शिरतात. पाला गेल्यावर साल पक्की व्हायला दोन ते तीन आठवडे पुरतात. त्यापुढे कंद जमिनीत राहिले की सालीवर काळे खवले चढतात, आणि वरंब्याला भेगा असतील तर बटाट्याची पाकोळी (पतंग) कंदाच्या डोळ्यांत अंडी घालते. तेव्हा पाला पडला की कॅलेंडर बाजूला ठेवा, चार-पाच झाडं उकरून कंद बघा, पाणी तोडा आणि साल पक्की झाली की काढणी करा. विकणारा ‘थांबा’ म्हणत असला तरी थांबू नका.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पाला लवकर गेला म्हणजे वाण चुकीचाच, असं दर वेळी नसतं. गरव्याचंच बेणं उबदार जागी फार दिवस पडून राहिलं, दोनदोनदा कोंब मोडले गेले, तर ते वयाने जून होतं. असं बेणं लवकर उगवतं, एका कंदाला खोड जास्त येतात, कंद लवकर आणि बारीक धरतात आणि झाड लवकर संपतं. बेणं 2 ते 4 अंशांवर ठेवायचं ते याचसाठी. फरक असा ओळखा: जून बेण्यात झाडाची ठेवण, फुलाचा रंग, कोंबाचा रंग त्या वाणाचाच राहतो, फक्त आयुष्य कमी होतं. वाणच वेगळा असेल तर ही लक्षणंच वेगळी निघतात. भेसळ असेल तर एकाच ओळीत दोन प्रकारची झाडं कुठेही विखुरलेली दिसतात. जमिनीचा किंवा पाण्याचा दोष असा विखरून येत नाही, तो पट्ट्यापट्ट्याने येतो.

आता युक्त्या. पोत्याच्या तोंडाशी चांगला, सारख्या आकाराचा माल आणि खाली काहीही, ही जुनी तऱ्हा. लाल सालीच्या वाणांत, उदाहरणार्थ कुफ्री सिंदुरीसारख्या गरव्यात, दुसऱ्याच बटाट्याला गेरू किंवा लाल माती चोळता येते. ओल्या पांढऱ्या फडक्याने कंद चोळा. रंग फडक्यावर उतरला आणि खाली फिकट साल निघाली तर तो माल परत करा. सिंदुरीचे डोळे खोल असतात. डोळे सपाट दिसले तर फडक्याचीही गरज नाही.

खाण्याचा बटाटा बेणं म्हणून खपवणं याहून घातक आहे. साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून अशा मालाला क्लोरप्रोफाम म्हणजे सीआयपीसी दिलेलं असू शकतं. ते पेशींचं विभाजनच रोखतं. कोंब निघालाच तर तो बुटका, जाड, गाठाळ असतो. कधी कोंबाच्या जागी कंदावरच छोटे कंद धरतात. कापलेल्या बेण्याची जखमही अशा मालात नीट भरत नाही आणि फोडी जमिनीतच कुजतात. आणखी एक धोका कमी लोकांना ठाऊक असतो: ज्या कोठारात किंवा क्रेटमध्ये सीआयपीसी वापरलं गेलं, तिथे नंतर ठेवलेलं चांगलं बेणंही बाधतं. म्हणून बेणं कुठे साठवलं होतं, हे विचाराच.

तिसरी युक्ती आकाराची. ‘बारीक कंद, न कापता लावा’ असं म्हणून स्वस्तात दिलेला माल पुष्कळदा रोगट पिकातला चाळलेला बारीक माल असतो. पानं गुंडाळणाऱ्या विषाणूने झाड खुरटतं आणि त्याचे कंद बारीक राहतात. त्यामुळे बारीक माल निवडताना रोगट झाडांचेच कंद जास्त गोळा होतात. कंदावर विषाणू दिसत नाही. बारीक बेणं वाईट नसतं, पण ते दाट लागवडीच्या, विषाणू पसरवणारा मावा आटोक्यात ठेवलेल्या, पाला वेळेवर कापलेल्या बीजोत्पादनातलं हवं.

लागवडीआधीच्या तपासण्या घरी होतात. वेगवेगळ्या पोत्यांच्या तळातून आणि मधून मिळून 100 कंद काढा, धुवा, साल, डोळे आणि आकार यांप्रमाणे ढीग करा. दोन ढीग स्पष्ट पडले तर भेसळ समोरच आहे. दहा कंद आडवे कापा, प्रत्येक कापानंतर सुरी निर्जंतुक करा. सालीच्या किंचित आत तपकिरी कडं दिसलं आणि दाबल्यावर त्यातून पांढुरका चिकट स्राव आला, तर तो बांगडी रोग समजा. असं बेणं शेतात नेऊ नका, हा रोग जमिनीत वर्षानुवर्षं राहतो.

कोंबांसाठी 20 कंद आणि खात्रीच्या, रसायन न लागलेल्या बेण्याचे पाच कंद एकाच ट्रेमध्ये, 18 ते 20 अंशांवर, मंद उजेडात ठेवा. खात्रीच्या कंदांना कोंब आले आणि विकत घेतलेले तसेच राहिले, तर एक तर सुप्तावस्था (काढणीनंतर कोंब न येण्याचा काळ) संपलेली नाही किंवा रसायन लागलं आहे. काही आठवडे थांबूनही बुटक्या गाठीच राहिल्या, तर शंका रसायनाचीच धरा. मंद उजेडात वाढलेला कोंब वाण ओळखायला फार उपयोगी. बुडाचा आकार गोल, अंडाकृती की शंकूसारखा, रंग तांबूस-जांभळा की निळसर-जांभळा, लव किती, हे वाणागणिक ठरलेलं असतं. नव्या वाणांच्या नोंदणीसाठीही हीच लक्षणं पाहतात. वाणाचं अधिकृत वर्णन मिळवा आणि कोंब शेजारी धरून ताडा. ही एक तपासणी केली तरी बहुतेक लबाडी उघडी पडते, म्हणून बेणं लागवडीच्या तोंडावर नाही, महिना-दीड महिना आधी घ्या.

पोतं उघडतानाही बघा. टॅग, म्हणजे बेण्याची माहिती देणारी चिठ्ठी, तोंडाच्या शिलाईत अडकलेला हवा, नुसता सुतळीने बांधलेला नको. शिलाईशेजारी आणखी एक रिकामी भोकांची ओळ दिसली किंवा दोऱ्याचा रंग मध्येच बदलला, तर पोतं एकदा उसवलेलं आहे. टॅगवर आणि बिलावर वाण, बेण्याचा वर्ग (दर्जा) आणि लॉट नंबर सारखे आहेत का ते ताडा. बिलावर नुसतं ‘बटाटा’ लिहिलं असेल तर घेऊ नका, कारण पुढे तक्रारीत ते खाण्याचा बटाटा ठरतं.

प्रत्येक लॉटची लागवड वेगळ्या ओळींत करा आणि खुणेची काठी रोवा. टॅग, रिकामी पोती, बिल आणि प्रत्येक लॉटचे वीस-पंचवीस कंद थंड जागी जपून ठेवा. शंका आली तर पाला हिरवा असतानाच लेखी तक्रार देऊन पाहणी मागवा, कारण उभ्या पिकात झाड, पान, फूल सगळं तपासता येतं. पाला गेला असेल तर राखलेल्या कंदांवरून प्रयोगशाळेत डीएनए चाचणीने वाण ठरवता येतो. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हे कंद विकणाऱ्याच्या ताब्यात देऊ नका. ‘तपासून सांगतो’ म्हणून मागितले तर सगळ्यांसमोर दोन भाग करा, दोन्हींवर सह्या घ्या आणि एक भाग स्वतःकडे ठेवा.