एसी दुरुस्त करावा की नवा घ्यावा? खर्चाआधी निदान तपासा

एसी थंड करेनासा झाला की मेकॅनिक येतो, आउटडोअर युनिट उघडून बघतो आणि बहुतेक वेळा दोनपैकी एक वाक्य कानावर पडतं: "गॅस संपलाय" किंवा "कॉम्प्रेसर गेलाय". पहिलं वाक्य ऐकून आपण मुकाट्याने पैसे काढून देतो, दुसरं ऐकून त्याच संध्याकाळी नव्या एसीच्या किमती बघायला बसतो. माझं म्हणणं असं की दोन्ही वेळा आपण एक पायरी गाळतो. बिघाड नक्की काय आहे हे मोजून ठरलं आहे की अंदाजाने, हे आधी विचारायला हवं. त्याशिवाय दुरुस्ती आणि नवा एसी यांची तुलना करता येतच नाही.

गॅस भरून घ्यायचा की गळती शोधायची?

एसीतला गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो, खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, बाहेर ती उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो. नळ्या धड असतील तर कारखान्यात भरलेला गॅस मशीनच्या आयुष्यभर पुरतो. म्हणजे गॅस कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळतोय, किंवा एसी बसवतानाच गडबड झाली होती.

नुसता गॅस भरणं स्वस्त पडतं आणि तासाभरात खोली थंड होते. गळती शोधायची तर नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरायचा, सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, छिद्र झाळायचं, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा काढायचा आणि शेवटी वजन करून गॅस भरायचा. यात अर्धा दिवस सहज जातो, बिलही मोठं येतं. तरीही मी गळती शोधायचाच मार्ग घेईन, आणि कारण फक्त पुढच्या हंगामात पुन्हा गॅस भरावा लागेल एवढंच नाही. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, आणि त्याची मोटर थंड ठेवायचं काम हा फिरणारा गॅसच करतो. गॅस अपुरा असताना एसी चालत राहिला की कॉम्प्रेसर तापत जातो. स्वस्तातल्या दोन-तीन भरण्यांनंतर सगळ्यात महागडा भागच निकामी होऊ शकतो.

गळती कुठे आहे यावर पुढचा निर्णय ठरतो. नळी जोडणाऱ्या नटाशी असेल तर काम किरकोळ आहे. तांब्याच्या कॉइलला, म्हणजे उष्णता घेणाऱ्या-टाकणाऱ्या नळीच्या वेटोळ्याला, एखादं छिद्र असेल तर ते झाळता येतं. पण कॉइल गंजून सुईच्या टोकाएवढी छिद्रं जागोजागी पडली असतील तर एक बुजवलं की दुसरं उघडतं. तिथे कॉइल बदलण्याला पर्याय नाही. ॲल्युमिनियमची कॉइल झाळणं तांब्यापेक्षा अवघड असतं, हेही धरून चाला.

लेबलवरचं गॅसचं नाव

आउटडोअर युनिटच्या लेबलवर गॅसचं नाव छापलेलं असतं. ते एकदा वाचाच. आर-२२ असेल तर पारडं नव्या एसीकडे झुकतं. ओझोनच्या थराला इजा करणारा हा गॅस १९८७ च्या माँट्रियल करारामुळे टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. विकसित देशांनी २०२० पर्यंत नवं उत्पादन जवळपास थांबवलं, विकसनशील देशांसाठी मुदत २०३० ची आहे. पुरवठा असा आटत जाताना त्या मशीनच्या गळतीवर मोठा खर्च करण्यात अर्थ उरत नाही. "त्यात आर-४१०ए भरून देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्याचा दाब दीडपटीहून जास्त असतो, तेलही वेगळं लागतं. जुन्या मशीनची रचना त्यासाठी नसते.

लेबलवर आर-३२ किंवा आर-२९० असेल तर आगीची काळजी घ्या. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. अशा मशीनवर आतला गॅस नीट काढून न घेता कुणी झाळायची ज्योत पेटवत असेल, तर काम तिथेच थांबवा. पैशांचा प्रश्न नंतरचा.

कॉम्प्रेसर की कपॅसिटर?

माझ्या घरचा एसी एकदा नुसता घुंघुं आवाज करून बंद पडायचा. आलेल्या मेकॅनिकने कॉम्प्रेसर गेल्याचं सांगितलं आणि नव्या एसीचा सल्ला दिला. दुसऱ्याने मीटर लावून कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग, मोजला, तो कमकुवत निघाला, बदलला आणि मशीन सुरू झालं. हा भाग कॉम्प्रेसरच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो, पण लक्षणं दोघांची सारखी. म्हणून साध्या, म्हणजे बिगर-इन्व्हर्टर (कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणाऱ्या) एसीत कॉम्प्रेसरवर शिक्का मारण्याआधी कपॅसिटर मोजला का, हे विचारायलाच हवं. स्वतः मात्र त्याला हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.

आणखी एक फसवी गोष्ट: कॉम्प्रेसर खूप तापला की त्यातलं संरक्षक बटण वीज तोडतं. त्या वेळी मीटरवर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तुटल्यासारखं दिसतं. काही तास थंड होऊ देऊन पुन्हा मोजलं तर तोच कॉम्प्रेसर चांगला निघू शकतो.

खरंच जळला असेल तर वॉरंटीचा कागद काढा. कॉम्प्रेसरची वॉरंटी बऱ्याचदा बाकी मशीनपेक्षा लांब असते, पण मजुरी आणि गॅस त्यात असतीलच असं नाही. जळलेल्या कॉम्प्रेसरमुळे तेलात आम्ल तयार होतं. नळ्या साफ न करता, फिल्टर-ड्रायर (गॅसमधला दमटपणा आणि कचरा अडवणारा भाग) न बदलता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही लवकर जातो. ही दोन कामं नसलेलं स्वस्त कोटेशन माझ्या मते घेण्याजोगं नाही.

इन्व्हर्टर एसीत हाच पेच पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डवर येतो. रिले किंवा एखादा छोटा भाग गेला असेल तर बोर्ड दुरुस्त करून घेणं परवडतं. कॉम्प्रेसर चालवणारा मुख्य मॉड्यूल जळला असेल तर नवा बोर्ड बरा, पण त्याआधी कॉम्प्रेसरचं वाइंडिंग तपासून घ्या. दोष तिथे असेल तर नवा बोर्डही जळेल.

पाणी ठिबकणं, बर्फ साचणं, हवा कमी येणं हे बऱ्याचदा तुंबलेल्या ड्रेन नळीचं किंवा मळलेल्या फिल्टरचं काम असतं. त्यासाठी नव्या एसीचा विचारही करू नका.

विजेचा हिशेब

दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली की नवा घ्या, असा ठोकताळा सांगतात. तो मला अपुरा वाटतो, कारण त्यात वापराचे तास नाहीत. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण ५.२ किलोवॉट, म्हणजे तासाला ५.२ युनिट, उष्णता काढतो. जुनं मशीन १ युनिट विजेत २.८ युनिट उष्णता हलवत असेल तर पूर्ण भारावर तासाला सुमारे १.८६ युनिट लागतात. नवं ४.५ हलवत असेल तर सुमारे १.१६. फरक ०.७ युनिटचा. वर्षाला १००० तास चालवणाऱ्याचे ७०० युनिट वाचतात, ३०० तास चालवणाऱ्याचे जेमतेम २१०. आपल्या दराने गुणून बघा. पाहुण्यांच्या खोलीतला, क्वचित लागणारा जुना एसी दुरुस्त करणंच शहाणपणाचं. रोज रात्रभर चालणाऱ्याचा निकाल वेगळा लागू शकतो. नव्याच्या किमतीत नळ्या, स्टँड, बसवण्याची मजुरी आणि जुना काढण्याचा खर्चही मिळवा.

माझा कल सांगतो. पाच वर्षांच्या आतलं मशीन असेल तर कॉम्प्रेसरसकट दुरुस्ती करावी. दहा वर्षं ओलांडली असतील आणि कॉइल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल, तर नवा घ्यावा. मधल्या वयात मात्र वॉरंटी, गॅसचं नाव आणि वापराचे तास या तिन्हींवर ठरवावं लागतं.

दुरुस्ती केलीत तर गळती कुठे सापडली, कोणता भाग बदलला आणि किती ग्रॅम गॅस भरला हे बिलावर लिहून घ्या, बदललेला भाग मागून घ्या. पुढच्या वेळी दुसरा मेकॅनिक "गॅस संपलाय" म्हणाला, तर तो कागद त्याच्यासमोर ठेवता येईल.